खिडक्यांचं ऑडिट

कोटेशन छान गुळगुळीत कागदावर होतं. सात खिडक्या, पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) चौकटी, दुहेरी काच, बसवणूक आणि जीएसटी धरून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. तळाशी हिरव्या अक्षरांत एक ओळ: वीजबिलात 40 टक्के बचत, चार-पाच वर्षांत पैसे वसूल. ती वाचून आमच्या चिरंजिवांची कळी खुलली आणि माझ्या कपाळाला आठी पडली. माझी सगळी नोकरी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात, लेखापरीक्षणात गेली. टक्केवारी दिसली की ती कशाची, हे विचारल्याशिवाय नजर पुढे सरकत नाही. निवृत्तीनंतर या खोडीचा घरच्यांना त्रासच होतो, पण आता ती कुठली जायला!

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजच्या बाजूला, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. दोन-दोन फूट जाड दगडी भिंती, लोखंडी गर्डरांवर दगडी पट्ट्यांचं छप्पर आणि सागवानी खिडक्या. वरच्या झडपांना लाल-हिरव्या काचा, खाली साधी एकेरी काच. या काचा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवलेल्या आहेत. लांबी जागोजागी सुकून गळून पडली आहे, त्यामुळे लू (उन्हाळ्यातला तापलेला वारा) सुटली की सगळं घर खडखडतं. मे-जूनमध्ये पारा 45-46 वर जाणं ही इथे बातमी नसते, आणि जानेवारीत तोच 4-5 वर उतरतो. तेव्हा "आई, डबल काच ग्वाल्हेरात उपयोगी पडणार नाही तर कुठे पडणार?" हा मुलाचा प्रश्न काही वावगा नव्हता.

मी बिलांची फाइल काढली. आमच्याकडे वर्षभराची बिलं पंच मारून लावलेली असतात (हे माझं काम, यांना फक्त बिल भरायची घाई). फेब्रुवारी-मार्चचं बिल म्हणजे फ्रिज, दिवे, पंखे, पाण्याची मोटर. तेवढं प्रत्येक महिन्यातून वजा केलं की उरतो तो थंडी-उन्हाळ्याचा खर्च. एसी घरात एकच. त्याच्या नावावर वर्षाला साडेसातशे युनिटं पडतात. सगळे आकार-अधिभार धरून सहा हजार रुपये. हिवाळ्यातल्या हीटरचे हजारभर घाला. सात हजार झाले.

त्यांचा 40 टक्क्यांचा दावा या सात हजारांपुरता अक्षरशः खरा धरला तरी वर्षाला 2,800 रुपये वाचणार. एक लाख चाळीस हजारांना भागा: पन्नास वर्षं. मी पंचाहत्तरीकडे झुकलेली, मुलगा चाळिशीचा. म्हणजे वसुली नातवाच्या म्हातारपणी. दुसऱ्या बाजूने पाहा. तेच पैसे सात टक्क्यांच्या एफडीत टाकले तर वर्षाला 9,800 रुपये व्याज येतं. त्या व्याजात एसी फुकट चालतो, हीटर फुकट चालतो आणि वर दिवाळीचा फराळ होतो. ज्या खात्यावर मुळात सात हजारच खर्ची पडतात, त्यातून अठ्ठावीस ते पस्तीस हजारांची वार्षिक बचत दाखवणारी फाइल माझ्या टेबलावर आली असती तर शेरा मारून परत गेली असती.

पण शेरा मारताना समोरच्याची बाजूही समजून घ्यावी लागते. दुहेरी काच ही थाप नाही. काच स्वतः उष्णता फारशी अडवत नाहीच. 4 मिलिमीटरची काढून 6 ची लावली तरी फरक नावाला पडतो. जो काही अडथळा असतो तो काचेच्या दोन्ही अंगांना चिकटून राहिलेल्या हवेच्या पातळ थरांचा. दुहेरी काचेत मधे 12 ते 16 मिलिमीटर हवा कोंडतात, कधी आर्गॉन वायू भरतात. रजई पिंजून आणली की जास्त ऊब देते, ती कापसात कोंडलेल्या हवेमुळे, इथेही तेच. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंशाच्या फरकामागे साधारण 5.7 वॅट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून 2.8. सरळ निम्मी.

आता ही निम्मी कुठे कामाला येते? बाहेर शून्य, आत वीस, असा फरक रात्रंदिवस सहा-सहा महिने टिकतो आणि सगळं घरच्या घर तापवलेलं असतं, अशा देशांत. तिथे हा गुणाकार मोठा होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते तिथल्या घरांत गरम-गार करण्यावर जी ऊर्जा लागते तिच्यातली 25 ते 30 टक्के खिडक्यांमुळे खर्ची पडते. म्हणजे तिथल्या सरासरी घराच्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या तरी 40 टक्के वाचायचे नाहीत. हा आकडा हिरव्या अक्षरांत कुठून आला, देव जाणे.

आमच्याकडचा गुणाकार मी त्या कंपनीच्या सोयीने केला, सर्वांत कडक वेळ धरून. दुपारी बाहेर 43, एसीच्या खोलीत 27, फरक 16. त्या खोलीला दोन खिडक्या, मिळून साडेतीन चौरस मीटरही नाहीत. दुहेरी काच अडवणार दीडशे-एकशे साठ वॅट उष्णता. एसी एक युनिट वीज खाऊन तीनएक युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे विजेत वाचले पन्नास वॅट. जुना छतपंखा याहून जास्त खातो. आणि रात्री, जेव्हा एसी खरंच चालतो, तेव्हा हा फरक सात-आठ अंशांवर येतो; मग पंचवीस वॅट.

यावर मुलाचं म्हणणं, "पण आई, तू स्वतः हात लावून पाहिलंस ना!"

पाहिलं होतं. कंपनीच्या माणसाने बैठकीत एक पेटी मांडली होती. आत हॅलोजनचा दिवा, पुढे काच सरकवायची खाच. आधी त्याने साधी काच घातली आणि सुनेला समोर हात धरायला सांगितलं. तिने चटकन मागे घेतला. मग दुसरी काच घातली, "अब देखिए मैडम," आणि हात निवांत. सगळे खूश. मी ती दुसरी काच मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. करडी-निळसर झाक मारत होती, शिवाय माझा चष्मा तिच्यात आरशासारखा दिसत होता. कोटेशन उघडून पाहिलं, तर तिथे लिहिलेलं: 5 मिमी क्लियर, 12 मिमी गॅप, 5 मिमी क्लियर. दाखवायची काच कोटिंगवाली (ऊन परतवणारा पातळ लेप दिलेली), विकायची साधी. विचारलं तर अगदी गोड आवाजात, "वो वाला तो माताजी, रेट अलग होगा."

हे रेटचं प्रकरण नुसतं पैशाचं नाही. दिव्यासमोर हात भाजला तो तापमानातल्या फरकाने नाही, किरणांनी. ऊन ही वेगळी गोष्ट आहे. साध्या एकेरी काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतली 80 टक्क्यांहून जास्त आत येते. साध्या दुहेरी काचेतून 70 टक्के. म्हणजे उन्हापुढे दुसरी काच जवळजवळ बघ्याची भूमिका घेते. कोटिंगच्या खास काचांतून 30 टक्के किंवा त्याहूनही कमी येते. तिथे खरा फरक पडतो. आणि आमच्या दुपारची अडचण हवेच्या तापमानाहून जास्त उन्हाची आहे.

तेही सगळ्या खिडक्यांचं नाही. ग्वाल्हेर 26 अक्षांशावर. 21 जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून 87 अंशांवर, म्हणजे जवळपास टाळूवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर वीतभर-हातभर छज्जा असला की जूनचं ऊन काचेला शिवतसुद्धा नाही. डिसेंबरात तोच सूर्य मध्यान्ही 40 अंशांवर येतो आणि छज्ज्याखालून पार पलंगापर्यंत पोचतो, जेव्हा तो हवाच असतो. दक्षिणेला कोटिंगची काच लावली तर हा हिवाळी पाहुणा दाराबाहेर उभा राहणार. खरा वैरी पश्चिमेचा. चार वाजता खाली उतरलेला सूर्य थेट समोरून मारतो, त्याला छज्जा काही करू शकत नाही. आमच्या सातांपैकी पश्चिमेला खिडक्या दोन, त्यातली एक एसीच्या खोलीची. कोटेशन मात्र सातांचं, चारी दिशांना एकच काच.

उन्हाला अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतून पडदा लावला तर ऊन खोलीत येऊन मग पडद्याला भेटतं; पडदा तापतो आणि ती उष्णता आतच राहते. बाहेरून सावली केली तर पश्चिमेच्या खिडकीवरची उन्हाची उष्णता 70-75 टक्क्यांनी घटू शकते. हे ज्ञान कुणाकडून उसनं आणायची गरज नाही. सासूबाई एप्रिल लागला की गच्चीवरून बांबूच्या चिका सोडवून घ्यायच्या. आतून निळं कापड शिवलेल्या, दोऱ्यांनी गुंडाळता येणाऱ्या. चार वाजता चिक खाली, सात वाजता वर. हजार-दीड हजाराला एक.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत मुहम्मद ग़ौसांच्या मक़बऱ्यात गेलात तर याच गोष्टीचं दगडातलं रूप दिसेल. अकबराच्या काळातली इमारत. तानसेनांची कबर शेजारीच, डिसेंबरात तिथे समारोह होतो. लोक गाणं ऐकून परततात, जाळ्यांकडे कोणी वळून बघत नाही. चारी बाजूंना वालुकाश्माच्या नक्षीदार जाळ्या. भोकांच्या मानाने दगड जाड ठेवला आहे, त्यामुळे वरून येणारं ऊन भोकातच अडतं, वारा मात्र येतो. मे महिन्यात भर दुपारी तिथे उभं राहता येतं. पण म्हणून ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ या गटात मला धरू नका. जानेवारीच्या पहाटे त्याच जाळ्यांतून बोचरं वारं येतं, आणि आंधी आली की धुळीला मज्जाव नसतो. मक़बऱ्यात कोणाला झोपायचं नसतं म्हणून ते चालून जातं.

आता कोटेशनवाल्याच्या ध्यानातच न आलेली गोष्ट. खऱ्या उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे एसी चालतच नाही. चालतो कूलर. ग्वाल्हेरातल्या अर्ध्या खिडक्यांची खरी नोकरी तीच आहे: बाहेर लोखंडी स्टँड, त्यावर पत्र्याचा अवाढव्य कूलर, त्याचं तोंड खिडकीच्या खालच्या अर्ध्यात घुसवलेलं, उरलेल्या फटीत थर्मोकोलचे तुकडे आणि जुनी वर्तमानपत्रं. बाजूंना खस नाहीतर लाकडाच्या किसाच्या जाळ्या, आत पाणी फिरवणारा छोटा टुलू पंप, आणि संध्याकाळी पाणी भरायचं कोणी यावरून घराघरांत होणारी तीच ती भांडणं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिटइतकी उष्णता हवेतून खेचली जाते. कूलर तासाला काही लिटर पाणी पितो आणि वीज खातो दीडशे-दोनशे वॅट. लू जितकी कोरडी तितका तो खूश. त्यासमोर कुठलीही काच हिशेबात टिकत नाही.

आणि कूलरची एक अट असते: हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोली दमट होऊन चादरी चिकटतात. एका खिडकीला मोठं भोक, दुसरी उघडी. अशा खोलीला हवाबंद दुहेरी काच बसवून आपण नक्की काय कोंडणार? एसी सुरू होतो तो पाऊस पडल्यावर, जुलैत, कूलर चिकचिक करायला लागला की. तेव्हा बाहेर 33-34, आत 26. म्हणजे दुहेरी काचेला ज्या महिन्यांत काम आहे तेव्हा खिडकी उघडी, आणि ज्या महिन्यांत खिडकी बंद तेव्हा काचेला काम नाही!

हिवाळ्याचं थोडक्यात सांगते. हीटर संध्याकाळी तास-दोन तास, यांच्या गुडघ्यांसाठी. बाकी रजया आहेत आणि अंगणातलं ऊन आहे. शिवाय महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलं तर आपल्या मध्य प्रदेशात पहिली 100 युनिटं शंभर रुपयांत मिळतात, त्यामुळे डिसेंबरात हीटरवर लक्ष ठेवायचं काम आमचा मीटरच करतो.

खिडक्यांचं दुखणं होतं ते वेगळंच, आणि ते मिस्त्रीने पाच मिनिटांत दाखवलं. आमचा जुना सुतार, त्याचे वडीलही आमच्याकडे यायचे. त्याने देवघरातली उदबत्ती मागून घेतली, पंखे बंद करायला लावले आणि ती बंद खिडकीच्या कडेकडेने फिरवली. झडपेच्या जोडाशी धूर सरळ वर. खालच्या उंबऱ्याशी आला आणि एकदम आडवा होऊन खोलीत पसरला. "काँच से क्या होगा माताजी, पूरी हवा तो चौखट दे रही है." दोन झडपांच्या मधल्या फटीतून तर उजेड दिसत होता. जुलैत त्या फटीतून जी ओली हवा आत येते, तिच्यातलं पाणी एसीला आधी वेगळं करून काढावं लागतं. कूलरने लिटरमागे जी उष्णता फुकट खेचली होती, तीच आता एसी वीज खर्चून परत भरतो. मागच्या नळीतून बादलीत ठिबकणारं पाणी पाहा, त्यातला बराच वाटा फटींचा.

त्याने जुनी लांबी खरवडून नवी भरली, खटके बदलले, खालच्या कडेला लाकडाची पट्टी मारली आणि झडपांच्या कडांना रबराची पट्टी लावून दिली. सगळ्या सात खिडक्यांचे मिळून साडेपाच हजार झाले. खडखडाट थांबला, धूळ निम्म्याने कमी झाली. सागवान राहिलं याचा मला हिशेबापलीकडेही आनंद आहे, पण हिशेबातही ते वाईट नाही: अ‍ॅल्युमिनियममधून लाकडाच्या हजारपट सहज उष्णता वाहते, तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत डबल काच बसवून देणाऱ्यांपासून लांबच राहावं.

एसीचं बटणही तेव्हाच 24 वरून 26 वर नेलं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते. दोन अंशांचे 12 टक्के, आमच्या सहा हजारांत सातशे रुपये, खर्च शून्य. आठ दिवस कुरकुर झाली, मग कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांनी गच्चीला चुना मारावा. जूनचं ऊन भिंतींपेक्षा छपरावर जास्त पडतं आणि दगडी पट्ट्या रात्री एक-दोनपर्यंत धगधगत असतात.

एवढं सगळं लिहूनही सांगायला हवं की एसीच्या खोलीच्या दोन खिडक्या आम्ही शेवटी बदलल्याच, आणि दुहेरी काचेच्याच केल्या. पश्चिमेच्या खिडकीच्या चौकटीला खालून वाळवी लागली होती. मिस्त्रीच्या पटाशीचं टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. दुसरी तिची जोडीदार, तिचीही तीच गत. चौकट बदलायचीच असली की हिशेबाची मांडणी बदलते. मग पूर्ण किंमत मोजायची नसते; साधी काच आणि दुहेरी काच यांच्या दरातला फरक तेवढा मोजायचा. दोन खिडक्यांना तो बारा हजार निघाला. वाहून जाणारी उष्णता, थोडं ऊन, घट्ट बसणारी चौकट, सगळं सढळ हाताने धरलं तरी वर्षाचे हजारच. बारा वर्षं. दोन काचांमधली सील पंधरा-वीस वर्षांत कधीतरी दगा देते आणि मग आत धुकं धरतं, जे कशानेही पुसता येत नाही. कंपनी हमी देते दहा वर्षांची. म्हणजे विजेच्या नावावर ना नफा ना तोटा. पारडं झुकलं ते गल्लीतल्या बारातींमुळे. लग्नसराईत डीजे आमच्या खिडकीखालून जातो तेव्हा तांब्याभांडं थरथरतं. त्यासाठी दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, असं मी अडून बसले. सारख्या जाडीच्या काचा सारख्याच आवाजाला साथ देतात. आता बँडवाला ‘बहारों फूल बरसाओ’ वाजवतोय एवढं कळतं, पण झोप मोडत नाही.

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात माझ्या धाकट्या जावेचा फ्लॅट आहे, सर्वांत वरचा मजला, बैठकीची अख्खी पश्चिमेची भिंत काचेची आणि दोन एसी दुपारी बारापासून रात्रीपर्यंत. तिचं उन्हाळ्यातलं एका महिन्याचं बिल आमच्या वर्षाच्या एसीइतकं. कूलर ठेवायला सोसायटी परवानगी देत नाही, बाहेरून चिका लावायलाही नाही. तिला मी कोटिंगची दुहेरी काच घ्यायला सांगितली, फक्त त्या भिंतीपुरती, आणि कोटेशनवर उन्हाच्या उष्णतेचा आकडा लिहून घ्यायला सांगितला. तिने दोन दुकानदारांना तो विचारला. एकाने दुसऱ्या दिवशी छापील तक्ता आणून दिला. दुसरा म्हणाला, "भाभीजी, ये सब कौन पूछता है?" काम पहिल्याला मिळालं.

आमच्याकडे चिकवाला फेब्रुवारीतच बोलावला आहे. एप्रिलमध्ये सांगितलं तर तो जून दाखवतो.